शिवलेली पाने

एका राज्यात रडायला बंदी होती. राजवाड्यात अश्रू सांडले की सिंहासन डळमळते, असे थोरामोठ्यांचे मत. म्हणून धाकटा राजपुत्र तापाने गेला, तेव्हा राणी चारुमतीला कोणी रडू दिले नाही. लेकराचे नावसुद्धा कोणी घेईना. एका मांत्रिकाने हे पाहिले आणि वेशीवरून शाप दिला, "जिथे आईचे अश्रू अडवतात, तिथली आई दगड होईल."

राणीची पावले दगडाची झाली.

राजगुरू विद्यानिधी सोवळे नेसून पोथी घेऊन आले. उघडली ती थेट शेवटच्या पानावर. तिथे फलश्रुती होती, पोथी वाचल्याने काय काय मिळते ते सांगणारी: धन, धान्य, दीर्घायुष्य. गुरूंनी ती खणखणीत वाचली. दगड गुडघ्यांवर चढला. दुसऱ्यांदा वाचली, कमरेवर आला. तिसऱ्यांदा वाचली, छातीला भिडला.

"श्रद्धा कमी पडते आहे," गुरू म्हणाले.

"कोणाची?" राजकन्या वज्रलेखेने विचारले. आईची बोटे तिने मुठीत धरली होती, आणि ती गार होत चालली होती.

खिडकीत भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "मधली पाने शिवून टाकली आहेत, पोरी."

खरेच, लाल दोऱ्याचे तीन टाके होते.

"अशुभ पाने ती," गुरू घाईने म्हणाले. "एका बाईचा विलाप आहे. घरात असले वाचू नये."

"घरात असले घडते, गुरुजी. मग वाचू का नये?"

"आमच्या आजेगुरूंनी शिवली आहेत."

"त्यांचे लेकरू गेले होते का?"

गुरूंनी पोथी तिच्यापुढे सरकवली.

वज्रलेखेने दोऱ्याला हात लावला, तसे पहिल्या टाक्याने पैंजण मागितले. तिने काढून दिले. दुसऱ्याने वेणी मागितली. तिने कापून दिली. तिसरा म्हणाला, "भावाचे नाव घे."

सहा महिने ते नाव तिच्या दातांआड होते. "मेघांक," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कातरला.

टाका सुटला. राणीच्या पापण्या हलल्या.

वज्रलेखा वाचू लागली. पोथीतल्या बाईचाही मुलगा गेला होता. ती देवाला म्हणत होती, 'रोज तुझ्या दारी दिवा लावला, आणि तू माझ्याच घरात अंधार केलास. तुझ्याशी नाही भांडायचे, तर कोणाशी?' देवाने उत्तर दिले नव्हते. तो तिच्या उंबऱ्यावर येऊन बसला, एवढेच लिहिले होते.

"देवाशी भांडली?" राणीने क्षीण स्वरात विचारले.

"हो, आई. पोथीतच."

राणीच्या डोळ्यांना पाणी आले. जिथे ते पडले, तिथला दगड कातडीसारखा मऊ झाला. राजा खांबाआडून पुढे आला आणि तिच्या पायांशी बसून रडला. विद्यानिधींनी उपरणे तोंडाशी धरले आणि हळूच एका लेकराचे नाव घेतले, ते आजवर कोणी ऐकले नव्हते. राज्यातली बंदी त्याच दिवशी उठली.

"मग काय केले त्या बाईने?" राणीने विचारले.

वज्रलेखेने पान उलटले. "दुसऱ्या दिवशी उठून तिने गाईला चारा घातला."

राणीने लेकीला कुशीत घेतले. "बरे केले," ती म्हणाली. "वाच पुढे."