समासातल्या दोन ओळी

एकदा एका लहान गावात एक जुने ग्रंथालय होते आणि त्याचे ग्रंथपाल फार वृद्ध होते. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. अडतीस वर्षे ते त्याच खुर्चीत बसत आले होते. त्यांच्या हाताखाली एक तरुण विधवा ग्रंथालयाचे काम शिकत होती. पुस्तकांवर तिची अपार भक्ती होती, आणि एका थोर कादंबरीकारावर तर सर्वांहून जास्त. त्यांची गाजलेली कादंबरी तिने पाच वेळा वाचली होती. तिच्यातली आवडती वाक्ये ती एका वहीत सुंदर अक्षरात उतरवून ठेवी.

ते कादंबरीकार त्या शनिवारी ग्रंथालयात यायचे होते. ग्रंथालयाचे अध्यक्ष गावातले कापडाचे मोठे व्यापारी होते. त्यांनी फर्मान काढले की पाहुण्यांची सगळी पुस्तके काचेच्या कपाटात मांडायची. म्हणून सोमवारी शिष्येने त्या कादंबरीची सर्वांत जुनी प्रत बाहेर काढली, उघडली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पानापानाच्या कोऱ्या समासात कुणी पेन्सिलीने काहीबाही लिहिले होते. 'ही बोलत का नाही?' 'सासूचं अगदी बरोबर लिहिलंय.' 'इथे पुस्तक मिटलं, दोन दिवस उघडलं नाही.' शेवटच्या प्रकरणात तर कहरच होता. त्या प्रकरणात नायिका सुनंदा हिचा नवरा दुसरी बायको करून घरी आणतो आणि सुनंदा स्वतः उंबरठ्यावर उभी राहून सवतीला ओवाळते. 'निरांजनाच्या उजेडात सुनंदा मंद हसली,' हे त्या कादंबरीतले सर्वांत गाजलेले वाक्य. शिष्येच्या वहीत ते पहिल्या पानावर होते. त्याच वाक्याशेजारी बारीक अक्षरात लिहिले होते, 'रडले.' आणि त्याखाली, त्याच वळणाच्या पण थोड्या कापऱ्या अक्षरात, 'पुन्हा वाचलं. मी हसले नव्हते.'

"एवढ्या मोठ्या माणसाच्या लिखाणावर रेघोट्या मारतात," ती रागाने अध्यक्षांना म्हणाली. "देवळाच्या भिंतीवर कोळशाने लिहावं तसं."

अध्यक्षही तापले. "सगळं खोडून काढ. आणि हे कुणाचे उद्योग आहेत ते शोध. शनिवारच्या आत नाव दे. सभासदत्व रद्द करतो."

"तुम्ही वाचलीय ना शेठ ही कादंबरी?" कोपऱ्यातून गुरुजींनी विचारले.

"वाचायला सवड कुठे गुरुजी? पण नव्या आवृत्तीचं पूजन माझ्याच हस्ते झालं होतं."

शिष्या हट्टाने कामाला लागली. कुठले पुस्तक हवे ते सभासद मागणीच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहीत. ती वही घेऊन तिने दोन दिवस एकेक अक्षर ताडून पाहिले. बुधवारी दुपारी तिला ते वळण सापडले. तसाच आखूड वेलांटीचा 'ही', तसाच वाकडा 'ह'. मथुराबाई.

मथुराबाई साठीच्या होत्या. दर गुरुवारी बाजार उरकून त्या येत, पिशवीतल्या मेथीच्या जुडीखालून पुस्तक काढून देत आणि एकच वाक्य बोलत, "जाड बघून दे गं, आठवडा निघायला हवा." आठवड्यात त्यांचे घराबाहेर पडणे तेवढेच, हे शिष्येलाही ठाऊक होते. तरी तिने चिठ्ठीवर नाव लिहिले.

"खोडण्याआधी एकदा मला सगळं वाचून दाखव," गुरुजी म्हणाले. "माझ्या डोळ्यांना पेन्सिल दिसत नाही आता."

तिने मथुराबाईंचे नाव सांगितले आणि सगळे वाचून दाखवले. आवाजात राग होता. शेवटच्या दोन ओळी गुरुजींनी पुन्हा वाचायला लावल्या. एवढ्यात अध्यक्ष आत आले.

"मिळालं नाव?"

शिष्येने चिठ्ठी पुढे केली. अध्यक्षांनी हात लांबवण्याआधी गुरुजींनी पुस्तक आपल्याकडे ओढले, खिशातली पेन्सिल काढली, पानावर अगदी वाकले आणि मथुराबाईंच्या ओळीखाली समासात ठसठशीत अक्षरात लिहिले, 'वाचलं.' त्याखाली सही केली आणि तारीख घातली.

शिष्या बघतच राहिली. 'पुस्तकांवर लिहू नये' ही दारावरची पाटी ज्या हाताने रंगवली होती, तोच हा हात. एका विद्यार्थ्याने पानाचा कोपरा दुमडला म्हणून त्याला महिनाभर वाचनालयाची पायरी चढू न देणारा.

"आता सभासदत्व रद्द करायच्या यादीत पहिलं नाव माझं घाला शेठ," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, तुमचं वय झालं."

"झालंच आहे. शनिवारी पाहुण्यांसमोरच माझं नाव कमी करा, म्हणजे त्यांनाही कारण कळेल."

अध्यक्षांनी एकदा पुस्तकाकडे पाहिले, एकदा गुरुजींकडे. "दुसरी कोरी प्रत ठेवा कपाटात," असे पुटपुटत ते निघून गेले. चिठ्ठी शिष्येच्याच हातात राहिली.

ती रडायच्या बेतात होती. "गुरुजी, तुम्हीसुद्धा? हा त्यांचा अपमान नाही का?"

गुरुजींचा आवाज सहसा चढत नसे. त्या दिवशी चढला.

"अपमान? न वाचता पूजन करतात त्याला काय म्हणशील? पुस्तकावर लिहू नये हे मी आजही सांगीन. पण नियम मोडण्याइतकं कुणाला काय लागलं, ते बघायचं सोडून आपण खोडरबर शोधतो. त्या लेखकाला बोलायला व्यासपीठ आहे. कौतुक करणाऱ्यांना वर्तमानपत्रं आहेत. तिला जागा किती मिळाली? पानाच्या कडेची दोन बोटं. आणि तिथेही किती फिकट लिहिलंय, अगदी वाकलो तेव्हा दिसलं, जणू कागदाला दुखेल. ज्या उंबरठ्याबद्दल तो लेखक लिहितो, त्या उंबरठ्यावर ती ताम्हण घेऊन उभी होती. गावाला ठाऊक आहे. चाळीस वर्षांत कुणी तिला विचारलं नाही की बाई, तेव्हा तुला काय वाटलं. पुस्तक तेवढं तिच्याशी बोललं, म्हणून तिने पुस्तकाला उत्तर दिलं. तू पाच वेळा वाचलंस पोरी. ते हसू तू वहीत उतरवून घेतलंस. तिने ते स्वतःच्या तोंडाला लावून पाहिलं, आणि ते बसलं नाही. आता सांग, या दोघींत वाचक कोण?"

शिष्येला आपले पती गेल्यानंतरचे दिवस आठवले. भेटायला येणाऱ्या बायका म्हणत, किती धीराची आहेस, सुनंदासारखी. तेव्हा ती मान खाली घालून हसायचा प्रयत्न करी. ते हसू तिलाही कधी बसले नव्हते. पण तिने ते कुठे लिहिले नव्हते.

गुरुवारी मथुराबाई आल्या. "अशी काय बघतेस? नवीन आहे का मी?"

"काही नाही काकू. ती सुनंदाची कादंबरी परत नेता का?"

"नको बाई. तिच्याशी माझं भांडण आहे." त्यांनी मेथी बाजूला सारली. "दुसरं दे. जाड बघून दे."

शिष्येने सर्वांत जाड पुस्तक शोधून दिले. त्या गेल्यावर तिने चिठ्ठीचे बारीक तुकडे केले.

शनिवारी सभा झाली. कादंबरीकार सौम्य, वयस्क गृहस्थ होते. भाषणात ते म्हणाले, "सुनंदाचं ते हसू मला एका पहाटे अचानक सुचलं." टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत अध्यक्ष सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होते. शिष्येचे हात मांडीवरून उठले नाहीत. सुचलं, ती मनाशी म्हणत होती, नुसतं सुचलं. आणि चाळीस वर्षे गावोगावच्या मुलींना तेच हसू दाखवून सांगितलं गेलं, बघा, अशी असते बाई.

चहाच्या वेळी कादंबरीकार कपाटापाशी येऊन आपली कोरी करकरीत पुस्तके पाहत होते. "इथे कुणी वाचत नाही वाटतं माझं काही?" ते हसून म्हणाले.

शिष्येने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी चहात बिस्कीट बुडवत होते. तिने टेबलाच्या खणातली जुनी प्रत काढली, शेवटचे प्रकरण उघडले आणि त्यांच्या हातात दिली. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

कादंबरीकारांनी चष्मा पुसला. आपले वाक्य वाचले. शेजारची ओळ वाचली, मग खालची. मग 'वाचलं.' त्यांच्या चेहऱ्यावरचे सभेतले हसू हळूहळू ओसरले. ते परत वरच्या वाक्याकडे गेले, पुन्हा खाली आले.

"या बाई कोण?" त्यांनी अगदी हळू विचारले.

अध्यक्षांनी तोंड उघडले, पण शिष्येने त्यांना बोलू दिले नाही.

"आमच्या सभासद आहेत," ती म्हणाली.

कादंबरीकारांनी मान हलवली. बाहेर हार घेऊन लोक खोळंबले होते, कुणीतरी दोनदा बोलवायला आले. त्यांनी जवळची खुर्ची ओढली, बसले आणि पहिल्या पानापासून समास वाचू लागले.

एखाद्या पुस्तकाला थोर म्हणण्यापूर्वी आपणही मनाशी विचारून पाहावे, त्यातल्या एका तरी वाक्याशी आपले कधी भांडण झाले होते का.