भुरूला कसली भीती वाटते?

टेकडीच्या पायथ्याशी एक प्राणीनिवारा होता. ज्यांना घर नाही अशा कुत्र्यामांजरांना तिथे आसरा मिळे. रेवूची आई तिथे मोठ्या पातेल्यात भात शिजवी. घरात दोघीच. रेवूच्या झग्याला तीन ठिगळं, लाल, पिवळं आणि निळं. पण मन एवढं मोठं, की स्वतःच्या पोळीतली अर्धी पोळी ती रोज एका पिल्लासाठी बाजूला ठेवी.

ते कुत्र्याचं पिल्लू म्हणजे भुरू. मधासारखा तपकिरी, एक कान पांढराशुभ्र, आणि भित्रा तर असा, की पान हललं तरी पिंपामागे पळे. रेवू यायची, की तो आणखीच आत सरके. ती बिचारी मग पोळी ठेवून लांबून बघत बसे.

निवाऱ्याचा एक नियम होता. पिल्लू आपणहून ज्याच्या पायाशी येईल, त्याच्याच घरी ते जाणार. निवारा सांभाळणाऱ्या भागीरथीताई म्हणाल्या, "रेवू, भुरू कुणाकडेच जात नाही ग. इथे जागा उरली नाही. उद्या त्याला लांबच्या गावी पाठवावं लागेल."

रेवू धावत आईकडे गेली. आईने तिला जवळ घेतलं. "आला तुझ्याकडे, तर आणू घरी. आपल्या दोन घासांतला एक त्याचा."

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटेच रेवू निवाऱ्याच्या बागेत गेली. पारिजातकाखाली केशरी देठांच्या फुलांचा सडा पडला होता. तिथे बसून ती मुसमुसून रडू लागली. तेवढ्यात एका फुलातून इवलीशी परी बाहेर आली. पंख दवाचे, झगा गुलाबी, आणि हसू असं, की आजूबाजूची फुलंही उजळली.

"रडू नकोस, राणी," परी म्हणाली. "तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण दोन नियम आहेत हं. झाडावरून फूल निखळलं, की ते जमिनीला टेकायच्या आत मागायचं. आणि दुसऱ्याचं मन वळवायचं नाही."

"म्हणजे भुरू माझा होऊ दे, असं नाही मागता येणार?"

"नाही बाळा. मन ज्याचं त्याचं असतं. तू रेशमी झगा माग, रंगीत खिडक्यांचं घर माग."

रेवूला झगा आवडला असता. कुणाला नाही आवडणार? पण फांदीवरून एक फूल सुटलं, गिरक्या घेत खाली येऊ लागलं, आणि ती घाईने बोलून गेली, "भुरूला कसली भीती वाटते, ते मला कळू दे!"

फूल टेकलं. चंदेरी धुकं दाटलं आणि क्षणभर रेवू भुरूच्या कानांनी ऐकू लागली. आधी ऐकू आली जुन्या मालकाची लोखंडी साखळी, छुन्न, छुन्न, जवळ येणारी. साखळीमागून मार. मग अगदी तसाच दुसरा आवाज. छुन्न, छुन्न. ती तिची स्वतःची पावलं होती! पायांतले पैंजण! भुरूला आपण लांबूनच ओळखू यावं, म्हणून ती मुद्दाम पाय आपटत यायची.

रेवूला फार फार वाईट वाटलं. ते पैंजण तिच्या बाबांनी जत्रेतून आणले होते. बाबा देवाघरी गेल्यापासून तिने ते पायांतून काढलेच नव्हते. ती थोडा वेळ त्यांच्यावरून हात फिरवत राहिली. मग तिने फासे सोडले, पैंजण रुमालात घट्ट गुंडाळले आणि ती चोरपावलांनी पिंपाजवळ जाऊन, भुरूकडे पाठ करून बसली.

ऊन पिवळं झालं. तिच्या पायाला मुंग्या आल्या. भागीरथीताई आणि आई दाराशी श्वास रोखून उभ्या होत्या. आणि मग तिच्या तळहाताला काहीतरी ओलं, गार लागलं. भुरूचं पिटुकलं नाक! त्याने हात हुंगला, पुन्हा हुंगला आणि डोकं तिच्या मांडीवर टेकवलं.

"तुझाच झाला ग तो," भागीरथीताई डोळे पुसत म्हणाल्या.

पारिजातकाखाली परी टाळ्या वाजवत होती. रेवू तिच्याकडे बघून कुजबुजली, "तू किती चांगली आहेस!"

"मी फक्त ऐकवलं. बाकी सगळं तूच केलंस," परी म्हणाली. सोनेरी उजेडाचा एक झोत उठला, आणि त्यात ती विरघळून गेली.

घर दहा मिनिटांवर होतं. पण वाटेत सायकल आली, भुरू थबकला. कोंबडा आरवला, भुरू थबकला. तो थबकला की रेवूही थांबे, आणि तो निघेपर्यंत हूं की चूं करत नसे. दहा मिनिटांच्या वाटेला तास लागला. उंबऱ्यापाशी मात्र भुरू थांबला नाही, रेवूच्याही आधी तो आत गेला.