सरांनी अंगठा वर केला

“पण धरायला कोणीतरी हवंच, असं का?” शार्दूलने विचारलं. “मी एकटा पतंग उचलू शकतो. हवं तर आत्ता उचलून दाखवतो.”

रुजार सर वाळूत बसून दोऱ्यांचा गुंता सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

काइटबोर्डिंग म्हणजे पायाखाली फळी आणि डोक्यावर खोलीएवढा पतंग. तो उचलायला दोघं लागतात. एकजण कमरेला पट्टा बांधून, दांडी धरून उभा राहतो. दुसरा लांबवर पतंग धरतो. मध्ये नुसत्या दोऱ्या, ताणल्या की मांज्यासारख्या कापणाऱ्या. दांडीवाल्याने अंगठा वर केला की दुसऱ्याने पतंग सोडायचा.

त्या किनाऱ्यावर सरांच्या होकाराशिवाय कोणी एकट्याने पतंग उचलत नसे. शार्दूलला तो होकार हवा होता. गेले तीन हंगाम तो पुण्याहून येत होता. त्याच्या उड्या बघायला पर्यटक चहा सोडून उठत. तसा तो पाण्यावर नसला तरी हवेतच असायचा.

“नियम सांग,” सर म्हणाले.

“किनाऱ्यावरून निघणाऱ्याला आधी वाट द्यायची. समोरासमोर आलो तर वाऱ्याच्या बाजूच्याने पतंग वर घ्यायचा, दुसऱ्याने खाली. पोहणारे, होड्या, रापणीची जाळी, सगळ्यांपासून लांब. उतरवलेला पतंग उलटा करून त्यावर वाळू टाकायची.”

“आणि धरणाऱ्याने?”

“त्याने काय करायचंय? अंगठा दिसला की सोडायचं.”

सरांनी गुंता खाली ठेवला.

“आज पाण्यात जाऊ नकोस. सगळ्यांचे पतंग धर. संध्याकाळी बघू.”

हंगामाचा शेवटचा रविवार, वारा कसा मस्त सुटलेला, आणि हा गडी नवशिक्यांचे पतंग धरत उभा. त्याला मनापासून राग आला होता. अंगठा दिसला की तो सोडायचा, पुढचा पतंग धरायचा. कोणी थँक्यू म्हटलं, तरी त्याचं तोंड वाकडंच.

ऊन कललं तसे सर स्वतः पट्टा बांधून उठले. दांडी घेऊन वाळूत उभे राहिले, समुद्राकडे तोंड करून. शार्दूल गुडघाभर पाण्यात सरांचा पतंग धरून उभा राहिला. सूर्य त्याच्या पाठीशी होता.

सरांनी अंगठा वर केला.

शार्दूलची बोटं सैल झाली. तेवढ्यात वाळूत ओढून ठेवलेल्या होडीआडून एक बाई बाहेर आली. हातात बादली. ओल्या वाळूत तिसऱ्यांचे शिंपले शोधत, वाकूनच ती सरळ दोऱ्यांच्या दिशेने येऊ लागली.

शार्दूलने बोटं आवळली.

सरांनी अंगठा पुन्हा वर केला, आणखी उंच.

“सोड,” सर ओरडले.

सर चिडले की महिनोन्महिने बोलत नाहीत, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. आता ऐकलं नाही तर परवानगीचं नाव काढायची सोय राहणार नव्हती. पतंग हात खांद्यापासून उपटत होता. शार्दूल घाबरला होता, सरांनाही आणि त्या दोऱ्यांनाही.

त्याने मान हलवली… नाही.

सरांचा हात खाली आला.

बाईची बादली दोरीला लागली, तेव्हा कुठे तिने वर पाहिलं. दोरीवरून नजर फिरवत ती पतंगापर्यंत पोहोचली.

“माझ्यासाठी थांबलंस काय रे? जातंय मी.”

दोरी हाताने वर उचलून ती खालून वाकून पलीकडे गेली. घाई अशी काही तिने केली नाही.

सरांनी तिसऱ्यांदा अंगठा वर केला. शार्दूलने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, होडीच्या मागेही कोणी नाही ना ते पाहिलं. मग सोडला.

सर परतले तेव्हा पाणी तांबूस झालं होतं. शार्दूलने धावत जाऊन पतंग पकडला, उलटा केला, त्यावर ओंजळीने वाळू टाकली. सकाळचा राग कुठल्या कुठे गेला होता. आता त्याला हसू आवरत नव्हतं.

“मला कळलं, सर.”

“काय?”

“तुम्ही परीक्षा घेत होतात. तुम्ही सांगूनही मी सोडतो का, ते बघत होतात.”

सर तोंडावरचं खारं पाणी पुसत राहिले.

“मी पास झालो ना? मग आता एकट्याने उचलू?”

“परीक्षा कसली?” सर म्हणाले. “ऊन डोळ्यांवर होतं. ती बाई मला दिसलीच नाही.”

शार्दूलचं हसू ओसरलं. त्याने सरांकडे पाहिलं, मग दूर वाळूत वाकलेल्या त्या बाईकडे. तिची बादली आता जड झालेली दिसत होती.

“तुम्हाला… दिसली नाही?”

सरांनी गुंडाळलेल्या दोऱ्या त्याच्या हातात दिल्या.

“दिसली असती, तर मला तू कशाला लागला असतास?”