द्वारकाबाईंनी वाचवलेला ट्रॅक्टर

तलावाचा बांध अर्धा झाला आणि गावाचा चेनवर चालणारा जुना ट्रॅक्टर बसला. ॲक्सल ज्यात बसतो ते भोक झिजून लांबट झालं होतं. तालुक्याहून आलेले इंजिनिअर कानडे साहेब म्हणाले, "भंगारात काढा."

लेथ चालवणाऱ्या द्वारकाबाई पांचाळ पुढे झाल्या. "वेल्डिंगनं भोक भरून पुन्हा गोल करते."

साहेब खदाखदा हसले. "बाई, एवढंसं भरून कुठं मशीन वाचतं?"

हसताना त्यांची चांदी भरलेली दाढ चमकली.

"साहेब, दाढ किडली तेव्हा डॉक्टरांनी ती भरली, की तुम्हालाच भंगारात काढलं?"

सगळं गाव हसलं. साहेबांनी दुरुस्तीच्या परवानगीवर सही केली.

चौथ्या दिवशी ट्रॅक्टर धडधडत बांधावर चढला. तो द्वारकाबाई स्वतः चालवत होत्या.