पिस्तूल पाहण्याचा कार्यक्रम

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळे नवरे तसे गावोगाव असतात, पण म्हाळू म्हणजे त्यांचा कळस. त्याला सांगितलेलं सगळं कळायचं. अडचण एवढीच, की सांगितलं तेवढंच कळायचं.

त्याची बायको हौसा मात्र चलाख. बाप सैन्यातला, त्यामुळे नेम लहानपणापासून पक्का. तिने दगड मारला की कैरी देठापासून तुटायची, कैरीला ओरखडा नसायचा. गावच्या सोसायटीच्या गोदामात चोऱ्या वाढल्या आणि पहारेकऱ्याची जागा निघाली. अट अशी, की पहारेकऱ्याकडे स्वतःचं पिस्तूल आणि त्याचा परवाना हवा. हौसाने खटपट करून परवाना मिळवला. तिला ती नोकरी मनापासून हवी होती. पगार तर हवाच होता, पण त्याहून पहारेकऱ्याची ती पितळी बिल्ल्याची टोपी हवी होती.

चेअरमन दाजीबांना मात्र ती टोपी आपल्या मेव्हण्याच्या, छबूरावाच्या डोक्यावर बघायची होती. छबूरावाकडे पिस्तूल होतं, परवाना होता आणि वर मिशाही होत्या. पण परवाना हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईला नाही तरी कसं म्हणायचं? दाजीबा म्हणाले, "सोमवारी तुमच्या अंगणात येतो. पिस्तूल दाखवा, नेम दाखवा. न्हाई जमलं तर जागा छबूची."

नेमकी भुईमुगाची काढणी आली. हौसाला रान सोडता येईना. ती नवऱ्याला म्हणाली, "आवं, तालुक्याला जा आन् माझ्यासाठी एखादं पिस्तूल बघून ठिवा. घ्यायचं न्हाई, निस्तं बघायचं. घ्यायला मी येईन."

"कसलं बघू?"

"माझ्या हाताला सुखाचं पडंल असलं."

"तुझा हात तर हितं रानात ऱ्हाणार."

"मग माप न्या की!"

म्हाळू माप घेऊन गेला. बायकोच्या हाताचं माप म्हणजे बांगडी, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं. तालुक्याला बंदुकांचं एकच दुकान, बारटक्क्यांचं. बारटक्के सभ्य माणूस. त्यांनी कपाटातून पिस्तुलं काढून मांडली. म्हाळूने खिशातून बांगडी काढली आणि एकेक पिस्तूल तिच्यातून घालायला सुरुवात केली. नळी जायची, मूठ अडकायची.

"अहो, हे काय चाललंय?" बारटक्के म्हणाले.

"हाताला हुतंय का बघतुय. समदी घट्ट हायती तुमच्याकडं."

शेवटी कोपऱ्यातली एक वस्तू बांगडीतून आरपार गेली. सुळकन, कुठे अडकणं नाही. म्हाळू खूश होऊन घरी आला.

"कसं हाय?" हौसाने अधीर होऊन विचारलं.

"लांब, बारीक आन् एकदम सरळ. टोकाला गोंडा बी हाय. बारटक्के म्हनले, ह्यानं नळी साफ करत्यात."

हौसाने कपाळावर हात मारला. मातीचा हात होता, कपाळ माखलं. "आवं, ती सळई! आसं बांगडीतनं घालून बघत्यात व्हय? चौकशी करायची! मला बघायला आलतात तवा तुमच्या आत्यानं कशी खोदून खोदून चौकशी केलती? घरात कायमचं येणारं हाय ते. त्याची बी तशीच करायची."

"आस्सं व्हय," म्हाळू म्हणाला. "मग आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी म्हाळू धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, नारळ आणि पानसुपारी घेऊन बारटक्क्यांकडे हजर झाला. आल्या आल्या खुर्चीवर मांडी घालून बसला.

"दाखवा," तो म्हणाला.

बारटक्क्यांनी एक पिस्तूल पुढे ठेवलं. म्हाळू त्याच्याकडे बघेना. मुलीकडे एकदम टक लावून बघायचं नसतं. तो छताकडे बघत म्हणाला, "नाव काय?"

बारटक्क्यांनी कंपनीचं नाव सांगितलं.

"मूळ गाव?"

त्यांनी कारखान्याचा गाव सांगितला.

"भावंडं किती?"

"या बनावटीची? हजारो असतील."

"बाप रे. एवढ्यांचं करायचं कुणी?" म्हाळूने मान हलवली. "स्वभावानं कसं हाय? आवाज चढवतंय का?"

"पिस्तूल आहे ते! आवाज तर होणारच. धक्काही देणार."

"घरच्या माणसाला धक्का देतंय? मग नगं. नगं हे स्थळ."

एकामागून एक अशी सगळी स्थळं त्याने मोडली. कुणी तापट निघालं, कुणी वजनाला भारी. एकाचा रंग त्याला जास्तच सावळा वाटला. बारटक्क्यांना घाम फुटला. तेवढ्यात काचेमागच्या एका पिस्तुलावर म्हाळूची नजर गेली आणि तो लाजला.

"ते कसं हाय?"

"ते? ते कधीच आवाज करत नाही, धक्का देत नाही, पिसासारखं हलकं आहे," बारटक्के वैतागून म्हणाले.

"पसंत!" म्हाळू ओरडला. नारळ त्यांच्या हातात ठेवला आणि पोहे न खाताच निघाला. पोहे कुणी केलेच नव्हते, याचं मात्र त्याला थोडं वाईट वाटलं.

हौसाला एवढं गुणी पिस्तूल ऐकून शंका आली. "कशाचं हाय ते?"

"सागवानी. बारटक्क्यांनी शोभेला ठिवलंय."

हौसा भुईमुगाच्या ढिगावर मटकन बसली. "लाकडाचं पिस्तूल घिऊन चोरांना काय वारा घालू? आवं, पिस्तूल वाजाय पायजे! ज्याचा आवाज निघतुय तेच खरं. आता लाकडाचं दिसलं, लोखंडाचं दिसलं, काय बी दिसलं तरी आधी वाजतंय का बघा."

"हे बरं झालं," म्हाळू म्हणाला. "आता चुकायचं न्हाई."

आणि तो चुकला नाही. बारटक्क्यांच्या दुकानापर्यंत जायचीच गरज पडली नाही. स्टँडसमोरच्या हातगाडीवर दिवाळीतली उरलेली टिकल्यांची पिस्तुलं लटकत होती. म्हाळूने एक घेतलं, चाप ओढला. फट्! धूरसुद्धा आला. वजन नाही, धक्का नाही, आणि आवाज खणखणीत. याला परवानाही लागत नाही म्हटल्यावर त्याने ते घेऊनच टाकलं.

येताना एसटीत त्याला वाटलं, एकदा नीट खात्री करावी. आवाज मध्येच बसला तर हौसा ओरडेल. त्याने उभं राहून पिस्तूल वर केलं. फट्! फट्! गाडी जागच्या जागी थांबली. बायका सीटखाली गेल्या. एका म्हाताऱ्याने कवळी काढून पुढे केली. कंडक्टरने पैशांची पिशवी म्हाळूच्या पायाशी ठेवली.

"मास्तर, पिशवी नगं," म्हाळू म्हणाला. "तिकीट द्या."

ही गोष्ट म्हाळूच्या आधी गावात पोचली. पारावर हसून हसून लोकांच्या पोटात कळा आल्या. छबूरावाने मिशांना तूप लावलं. दाजीबा येता जाता विचारू लागले, "काय हौसाबाई, टिकल्या पुरतील न्हवं सोमवारपातूर?"

हौसा त्या रात्री जेवली नाही. टोपी गेली, असंच तिला वाटलं. म्हाळूही जेवला नाही, कारण तिने वाढलं नव्हतं. सकाळी उठून तिने भुईमूग तसाच सोडला आणि म्हाळूला घेऊन स्वतः तालुक्याला गेली. दुकानाच्या पायरीवर ती त्याला म्हणाली, "आता पाया पडते तुमच्या. तोंड मिटून बसा."

म्हाळू तोंड मिटून बसला. हौसाने एकेक पिस्तूल हातात घेतलं. मूठ पंजात मावते का, मनगट वाकवावं न लागता बोट चापापर्यंत पोचतं का, हात पुढे धरला तर थोड्या वेळाने थरथरतो का, सगळं बघितलं. एक छोटंसं, काळंभोर पिस्तूल तिच्या हातात आलं आणि तिचा चेहराच बदलला. जणू ते तिथेच वाढलं होतं. बारटक्क्यांनी खूश होऊन चहा मागवला. म्हाळूने कप हातात घेतला आणि तोंड मिटून तसाच धरून बसला. चहा निवला, साय धरली. घरी आल्यावर हौसा म्हणाली, "आता उघडा." तेव्हा त्याने तोंड उघडून आधी एक जांभई दिली.

रविवारी संध्याकाळी हौसाने पिस्तूल पुसून पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं. शेजारच्या बाईने तेवढ्यात हाक मारली म्हणून गोळ्या नवऱ्याच्या ओंजळीत दिल्या. "सहा हायती. ओल लागू दिऊ नगा, कुणाच्या हाती पडू दिऊ नगा. बियाणं जपतो तशा जपा."

बियाणं कसं जपायचं, हे म्हाळूला कुणी शिकवायला नको होतं. शेतकरीच होता तो.

सोमवारी दाजीबा आले. मागून छबूराव मिशांसकट आला. पारावरची मंडळी कुंपणाबाहेर जमली. हौसाने भिंतीवर एक फुटकं गाडगं ठेवलं, पदर खोचला आणि नवऱ्याला म्हणाली, "पाव्हण्यांना चहा ठिवा." म्हाळूने अंगणातली चूल पेटवली, आधण ठेवलं.

"हं, दाखवा नेम," दाजीबा बाजेवर बसत म्हणाले.

हौसाने पिस्तूल काढलं. ते उजव्या हातात धरलं. दुसरा हात तिने नवऱ्यापुढे केला. "द्या त्या गोळ्या."

"आणतो की. चहा हुंदे."

"चहाचं काय मधीच? कुठं ठिवल्यात?"

"बियाणं कुठं ठिवत्यात? राखंत. ओल न्हाई, कीड न्हाई."

"कुठल्या राखंत?"

"चुलीतल्या."

सगळ्यांनी चुलीकडे पाहिलं. चूल छान धगधगत होती.

"आवं, मग पेटिवली कशाला!"

"तूच म्हनलीस, चहा ठिवा!"

ठो! पहिल्या आवाजाला पातेलं उडालं. दुसऱ्याला दाजीबा बाजेखाली गेले. छबूराव परसाच्या कडेच्या शेवग्यावर चढला. शेवगाच तो, असलं वजन कुठवर धरणार? तिसऱ्या आवाजाला फांदी मोडली आणि छबूराव परसात, दुधीच्या आळ्यात जाऊन बसला. कुंपणाबाहेरची मंडळी कधीच दिसेनाशी झाली होती. अंगणात भानावर होती ती एकटी हौसा. तिने म्हाळूला दंडाला धरून मागे ढकललं, पाण्याचा हंडा उचलला आणि चुलीवर उपडा केला. धूर झाला. मग काहीच वाजलं नाही.

बाजेखालून दाजीबांचा आवाज आला. "हौसाबाई."

"जी."

"टोपी तुमची. नोकरी तुमची. आमच्या छबूला मी आता झाडावर चढलेला बघितलाय. निस्तं एक करा, तुमच्या मालकांना गोदामाकडं फिरकू दिऊ नका."

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुराचं होतं, पण बरंचसं आनंदाचं. पण ती चलाख बाई, भिजलेली राख काडीने उकरून बघत होती. राखेत तीन फुटक्या पुंगळ्या मिळाल्या, मग न फुटलेल्या दोन गोळ्या.

"पाचच हायती," ती म्हणाली. "साव्वी कुठं हाय?"

दाजीबा बाजेखालून निम्मे बाहेर आले होते, ते परत आत गेले. "छबू, हलू नगंस रे!"

"घाबरायचं काय त्यात?" म्हाळू म्हणाला. "समदं बियाणं साठवून ठिवून कसं चालंल? फुडल्या सालाला काय करायचं? एक मी पेरली. पानी बी घातलंय."

"कुठं पेरली?"

म्हाळू उत्तर द्यायला थांबला नाही. तो घाईघाईने परसाकडे निघाला होता.

"छबूराव," तो काळजीने म्हणाला, "जरा दमानं उठा. कोंब मोडंल."