कुमुदताई स्की का शिकल्या नाहीत

आल्प्सच्या डोंगरात एक गाव होतं, इतकं श्रीमंत की तिथला बर्फसुद्धा इस्त्री करून अंथरल्यासारखा दिसे. अलिबागच्या कुमुदताई चौलकर तिथे चौदा वर्षं बेकरी चालवत होत्या. यंदा त्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला. तिथली रीतच अशी, की भरल्या सभेत गावकऱ्यांनी हात वर केले तरच माणूस गावचा होणार.

सभेचे अध्यक्ष श्रीयुत ब्रुंगर छातीवर तरुणपणीची स्कीची तीन पदकं लावूनच आले होते. ते गरजले, "चौदा वर्षांत बाईंना स्की येत नाही, आणि म्हणे मी इथली!"

कुमुदताईंनी पदर खोचावा तसा मफलर खोचला.

"अध्यक्षमहाराज, परवाच्या रविवारी डोंगरावर स्की करायला किती माणसं होती?"

"चार हजार!" ब्रुंगर मिशीला पीळ देत म्हणाले.

"त्यांत गावची किती?"

"गावची कुठली? सगळे पाहुणे! आपल्याला त्या दिवशी मान वर करायला तरी फुरसत असते का?"

"आणि मे महिन्यात बर्फ जाऊन चिखल झाला की?"

"मग पाहुणा औषधालाही सापडत नाही. उरतो आपण, आणि तुमची बेकरी."

"म्हणूनच शिकले नाही हो!" कुमुदताई म्हणाल्या. "उगाच कुणी मला पाहुणी समजलं तर?"

छपरावरून बर्फ घसरावा तसं सभागृहात हसू कोसळलं. भराभर हात वर झाले. ब्रुंगरांनी डोकं खाजवायला हात उचलला, तर कारकुनाने तोही मोजला.