मखमली कानटोप्या

फार पूर्वी, म्हणजे रस्त्यावर मोटारी यायच्या आधी आणि माणसांना घाई सुटायच्याही आधी, डोंगराच्या पायथ्याशी एक छोटंसं संस्थान होतं. तिथल्या पागेत एक कोचवान होता. बग्गीच्या घोड्यांना रस्त्याची सवय लावावी ती त्यानंच, असं पंचक्रोशीतले लोक म्हणायचे. लोक म्हणायचे ते खरंही होतं. फक्त ते लोकांनीच म्हणावं, इतका धीर त्याला नव्हता. तोही तेच म्हणत फिरायचा.

पण पद्धत त्याची नामी होती. नव्या जोडीला तो आधी बग्गीला जुंपायचाच नाही. हातानं धरून रस्त्यानं चालवायचा. लोहाराच्या दुकानापासून बऱ्याच लांब उभं करायचा, ठणठण आवाज कानावर पडू द्यायचा, मानेवरून हात फिरवायचा आणि परत आणायचा. दुसऱ्या दिवशी जरा जवळ. घोडा घाबरला तर रागवायचा नाही, चार पावलं मागं घ्यायचा. असं करता करता एक दिवस घोडे लोहाराच्या दारात उभे राहून चक्क पेंगायला लागायचे.

शिवाय त्याचा एक शब्द होता. संध्याकाळी जोडी पागेच्या दाराशी आली, की तो हलक्या आवाजात म्हणायचा, “घर आलं.” असं म्हणायचा आणि दाण्याची, म्हणजे चंदीची, पाटी पुढ्यात ठेवायचा. हळूहळू तो शब्द घोड्यांच्या अंगात मुरायचा. मग भर बाजारात असोत की उतारावर, ‘घर आलं’ कानावर पडलं की घोडे पाय रोवून उभे. “माझ्या जोडीला लगाम नुसता शोभेला,” असं तो सांगायचा.

एका वर्षी पागेत नवी जोडी आली. एकाच्या कपाळावर चांद होता, त्याचं नाव चांदवा. दुसरा पारव्याच्या रंगाचा, म्हणून पारवा. त्याच दिवसांत संस्थानच्या म्हाताऱ्या आईसाहेबांनी कोचवानाला बोलावलं.

“बाबा, माझे गुडघे गेले,” त्या म्हणाल्या. “देवीच्या जत्रेला मी दरवर्षी चालत जायची. लोकांत बसायची. आता कितीतरी वर्षं नुसती हलगी ऐकते खिडकीतून. या जोडीच्या बग्गीतून नेशील का मला? पण गर्दीत घोडा बिथरेल अशी फार भीती वाटते रे.”

“आईसाहेब, आपण निर्धास्त असा,” कोचवान म्हणाला. “जत्रेला आपण बग्गीतच.”

चांदवा शहाणा निघाला. दोन्ही घोड्यांनी ‘घर आलं’ही लवकर उचललं. अडलं ते पारव्याचं. त्याला हलगीची भीती होती. लांबून जरी कडकड ऐकू आली, तरी तो अंग चोरून चांदव्याच्या अंगावर जायचा आणि मग दोघंही वाकडे व्हायचे. यावर उपाय कोचवानाला पाठ होता. लांब उभं करायचं, ऐकू द्यायचं, थोडं जवळ न्यायचं. पण त्यासाठी रोज जावं लागतं. आणि आमच्या कोचवानाला आता रोज वेळ कुठला? आईसाहेबांची बग्गी हाकणार म्हटल्यावर चौकात त्याच्याभोवती माणसं जमायची. आज पानवाल्याकडं बोलावणं, उद्या सराफाकडं. घोड्यांना कसं शिकवावं हे तो तासन्‌तास सांगत बसायचा, आणि घोडे तिकडं पागेत उभे.

जत्रा तोंडावर आली आणि पारवा अजून हलगीला थरथरत होता. आईसाहेबांना ‘अजून वेळ लागेल’ असं सांगायला हवं होतं. ते एवढंसं वाक्य, पण त्याच्या तोंडून निघेना.

एक दिवस तो पिंजाऱ्याच्या दुकानावरून चालला होता. आत पिंजारी कापूस पिंजत होता. कोचवानानं हाक मारली, पुन्हा मारली, पण पिंजाऱ्यानं मान काही वर केली नाही. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा त्यानं कानातले बोळे काढले आणि हसून म्हणाला, “दिवसभर हा दणदणाट कोण ऐकणार, वस्ताद? कापूस घातला की जग शांत!”

कोचवान तिथून ओंजळभर कापूस घेऊनच घरी आला.

त्यानं दोन्ही घोड्यांच्या चारही कानांत बोळे घातले. ते दिसू नयेत म्हणून शिंप्याकडून लाल मखमलीच्या कानटोप्या शिवून घेतल्या, वर जरीचे गोंडे. दुसऱ्या दिवशी हलगीवाल्याला अगदी पारव्याच्या बाजूला उभं करून हलगी वाजवायला लावली. पारव्यानं कानसुद्धा हलवला नाही. थांबायच्या शब्दाचं काय, हा विचार कोचवानाच्या मनात आला नाही असं नाही. आला. पण ‘लगाम आहे की हातात,’ असं म्हणून त्यानं तो बाजूला सारला.

जत्रेच्या आधी पागेच्या कारभाऱ्यांनी जोडीची परीक्षा घेतली. हलगी वाजली, ताशा वाजला, घोडे ढिम्म. कोचवानानं सगळ्यांना ऐकू जाईल असं “घर आलं” म्हटलं आणि त्याच क्षणी लगाम हळूच मागं घेतला. घोडे थांबले. ते शब्दानं थांबले नव्हते, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

“काय जादू केलीत हो, वस्ताद?” कारभाऱ्यांनी विचारलं.

“जादू कसली?” कोचवान म्हणाला. “जनावराला विश्वास द्यावा लागतो.”

हे बोलताना त्याला मनात कुठंतरी टोचलं. पण लोक वाहवा करत होते, आणि वाहवा ऐकताना माणसाला बारीकसारीक टोचणी लागत नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. आईसाहेब नवं लुगडं नेसून बग्गीत बसल्या. इतक्या वर्षांनी त्या बाहेर पडलेल्या, त्यामुळे लोक दोन्ही बाजूंना उभे राहून हात जोडत होते आणि त्या लहान मुलीसारख्या इकडंतिकडं बघत होत्या. “अगं बाई, हे दुकान अजून आहे!” असं त्यांचं चाललं होतं. कोचवानाची छाती फुगली होती.

वाड्याकडून देवळाकडं जाताना बाजारात उतार लागतो. त्या उताराला बग्गी लागली आणि पारव्याच्या बाजूचा लगाम कडीतून निसटला. नुसता एक पट्टा कोचवानाच्या हातात लोंबायला लागला. मागून बग्गीचा रेटा आला तसे घोडे पळायला लागले. पुढं वळणावर एक कुंभारीण मडकी मांडून बसली होती.

“घर आलं!” कोचवान ओरडला. “घर आलं रे! चांदवा! पारवा! घर आलं!”

त्याची हाक बाजारातल्या सगळ्यांनी ऐकली. ज्यांच्यासाठी ती होती, त्या दोघांना तेवढी ऐकू गेली नाही.

कुंभारणीनं स्वतःला बाजूला झोकून दिलं. बग्गी मडक्यांतून गेली, चाक दगडाला अडकलं आणि सगळं थांबलं. कुंभारणीचा हात मोडला होता. आईसाहेबांचं कपाळ फुटलं होतं. घोडे घामानं निथळत उभे होते आणि आपलं काय चुकलं, हे त्यांना कळत नव्हतं.

कारभारी धावत आले. “हे काय झालं?”

कोचवानाचे हात घोड्यांच्या साजावर होते. साज सोडतोय असं दाखवत त्यानं कानटोप्यांखालचे बोळे काढून बंडीच्या खिशात टाकले होते. “जनावर आहे, साहेब,” तो म्हणाला. “बिथरलं. एवढा ओरडलो, ऐकलं नाही.”

हे शब्द तोंडातून गेले आणि त्याचं तोंड कडू झालं. पण आता ते परत कसे घेणार?

आईसाहेब कपाळाला पट्टी बांधून पुन्हा खिडकीशी बसल्या. “हौस फिटली माझी,” त्या म्हणाल्या. “आता मी काही घराबाहेर पडत नाही.” कारभाऱ्यांनी ठरवलं, की हाकेला न थांबणारे घोडे पागेत नकोत. चुन्याच्या घाणीवाल्याला दिले म्हणजे डोळे बांधून गोल गोल फिरतील, तिथं ऐकायची गरज नाही.

कोचवानाला कुणी बोल लावला नाही, हेच तर वाईट. लोक येऊन त्याचीच समजूत काढायचे. “तुम्ही काय करणार, वस्ताद? मुकं जनावर, त्याचा काय भरवसा?” प्रत्येक वेळी त्याची मान आणखी खाली जायची, आणि लोकांना वाटायचं की दुःखानं जाते आहे. पागेत जायचीही त्याला लाज वाटायची. गेला की चांदवा आणि पारवा पूर्वीसारखेच त्याच्या खांद्याला नाक घासायचे. कापसाचे बोळे अजून खिशात होते. फेकायला तो दोनदा विहिरीपर्यंत गेला, पण त्याच्या हातून ते फेकवेनात.

आणि एक दिवस कुंभारीण आली. हात गळ्यात बांधलेला.

“दादा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” ती म्हणाली. “तुम्ही केवढ्यानं ओरडलात! ते ऐकलं म्हणून तर मी बाजूला झाले. तुमच्यामुळं वाचले मी.”

तिनं त्याला डाव्या हातानं नमस्कार केला. कोचवानाला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. सगळं सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि नुसतंच “बरं, बाई, जपून जा,” म्हणाला.

शेवटी घाणीवाला घोडे न्यायला आला. संध्याकाळ होती, चंदीची वेळ. पागेतली माणसं अंगणात उभी होती, वर खिडकीत आईसाहेब होत्या. घाणीवाल्यानं दोर धरला आणि दाराकडं निघाला. घोडे त्याच्यामागं निघाले, पण दोघांच्या माना मागं वळलेल्या होत्या. त्याच वेळी बाहेरून कुणाची तरी वरात चालली होती आणि हलगी कडाडली. पारव्याचं अंग खुरांपासून मानेपर्यंत थरथरायला लागलं. आता तो उधळणार, असं सगळ्यांना वाटलं.

कोचवान दोन पावलं पुढं झाला. ‘जा बाबांनो’ असं त्याला म्हणायचं होतं. पण रोज त्या वेळी, त्या दाराशी, त्याच्या तोंडून जे यायचं तेच आलं. तेही अगदी पुटपुटल्यासारखं.

“घर आलं.”

दोन्ही घोड्यांचे कान त्याच्याकडं वळले आणि ते दारातच उभे राहिले. घाणीवाल्यानं दोर ओढला. ते हलले नाहीत. काठी मारली. हलले नाहीत. हलगी वाजतच होती, पारवा पानासारखा थरथरत होता, पण त्यानं एक पाऊल इकडचं तिकडं केलं नाही.

 मग वरून आईसाहेबांचा आवाज आला.

“कोचवान, हे तर ऐकतात.”

कोचवानाचा हात बंडीच्या खिशाकडं गेला.

“आणि हलगीला हा इतका घाबरतो, मग परीक्षेच्या दिवशी कसा नाही घाबरला? अन् जत्रेत तू एवढा ओरडलास, तेव्हा का नाही ऐकलं?”

अजूनही काहीतरी सांगता आलं असतं. त्याला सांगायची कला होतीच. पण त्यानं पारव्याकडं पाहिलं. तो घाबरून अर्धा झाला होता आणि तरी याच्या एका शब्दावर उभा होता. कोचवानानं खिशात हात घातला आणि ते मळलेले बोळे अंगणात, सगळ्यांच्या समोर ठेवले.

“त्यांनी ऐकलं नाही, कारण मी त्यांचे कान बंद केले होते, आईसाहेब,” तो म्हणाला. “शिकवायला वेळ दिला नाही आणि ते कबूल करायची लाज वाटली. मग दोष यांच्यावर ढकलला. यांना काय बोलता येतंय, म्हणून.”

आईसाहेबांनी वरून त्या बोळ्यांकडं पाहिलं. “मला काय सांगतोस?” त्या म्हणाल्या. “जिचा हात मोडला तिला जाऊन सांग. आणि आधी त्या घोड्यांना आत घे, चंदीची वेळ टळली त्यांची.”

तो भर बाजारातून कुंभारणीकडं गेला आणि तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, रडली नाही. एका हातानं माती मळता मळता थांबली आणि म्हणाली, “मी तुम्हाला नमस्कार केला, दादा. निदान तेव्हा तरी सांगायचं होतंत.”

कोचवानाला आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही म्हटलं असेल. पण हे वाक्य तो कधी विसरला नाही.

त्याची कोचवानकी गेली. बग्गीवर दुसरा माणूस बसायला लागला. घोड्यांना घडवायचं काम मात्र आईसाहेबांनी त्याच्याकडेच ठेवलं, पण पायी. मग तो रोज चांदव्याला आणि पारव्याला धरून बाजारातून चालू लागला. कानटोप्या नाहीत, गोंडे नाहीत. हलगीवाला गावाबाहेरच्या माळावर वाजवायचा आणि हे तिघं लांब उभे राहून ऐकायचे. दुसऱ्या दिवशी जरा जवळ. चौकातले लोक हसायचे, पोरं त्याच्या मागून कानात बोटं घालून चालायची. तो मान खाली घालून पुढं जायचा.

कुंभारणीच्या वळणावर आला, की तो रोज न चुकता म्हणायचा, “घर आलं.” घोडे थांबायचे. ती आपली मडकी सावरेपर्यंत तो थांबायचा, मग पुढं निघायचा. कितीतरी दिवस तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

पुढच्या जत्रेला आईसाहेबांना पुन्हा बग्गीत बसायचा धीर झाला. कोचवान घोड्यांच्या पुढं पायी चालत होता. उतारावर हलगी कडाडली, तशी आईसाहेबांनी बग्गीची कड घट्ट धरली.

“बाबा, पारवा अजून घाबरतो का रे?” त्यांनी विचारलं.

मागच्या वर्षी या प्रश्नाला त्यानं ऐटबाज उत्तर दिलं असतं.

“थोडा घाबरतो, आईसाहेब,” तो म्हणाला. “पण ऐकतो.”

वळण आलं. त्यानं हळूच शब्द उच्चारला आणि जोडी थांबली. कुंभारीण मडक्यांमागून उठली, पारव्याजवळ आली आणि त्याच्या उघड्या कानामागं जरा खाजवलं. मग कोचवानाकडं बघून म्हणाली, “जा आता पुढं. मला आलं ऐकू.”

तात्पर्य: ज्याला आपण शिकवतो त्याची भीती झाकू नये, वेळ देऊन घालवावी, आणि आपली चूक, ज्याला बोलता येत नाही त्याच्या माथी कधी मारू नये.